डाव्या ओळीतील पॉपलर कोणी मारले?

सुज्ञ वाचकहो, आपणांसमोर एका अपमृत्यूची साद्यंत हकिकत ठेवण्याचे योजिले आहे. हिच्यात रक्ताचा थेंब सांडणार नाही, पिस्तूल कडाडणार नाही, की पोलिसाची शिट्टीही वाजणार नाही. मेले ते वृक्ष. परंतु त्या वृक्षांपायी एका सख्ख्या भावाला घराबाहेर काढण्याची वेळ आली होती, आणि ज्या घरातून भाऊ जातो त्या घरात पुढे काय उरते, हे सांगावयास पंडिताची गरज नाही. तरी वाचकांनी शांत चित्ताने, एकेका पुराव्याचे वजन करीत पुढे जावे; आणि गुन्हेगार आधीच ओळखता आला, तर शेजारी बसलेल्यास सांगून त्याच्या आनंदावर विरजण घालू नये, ही विनंती.

१. काळे पाणी

गुरांचे डॉक्टर आपली चामडी बॅग घेऊन लाकडी खोक्यांच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा कारखान्याचे मालक दादा यांची गाय आजारी असावी असा त्यांचा समज होता. "ताबडतोब या," एवढाच निरोप आला होता. परंतु दादांनी त्यांना गोठ्यावरून सरळ पुढे नेले. गाय रवंथ करीत होती. तिने डॉक्टरांकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

"अहो, रोगी मागे राहिला," डॉक्टर म्हणाले.

"गाय ठणठणीत आहे. रोगी इकडे आहे."

"दादा, मी जनावरांचा डॉक्टर."

"म्हणून तर बोलावलं. या घरात जनावर कोण आहे, ते तुम्हीच ओळखाल."

फाटकापासून कारखान्यापर्यंत जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांना पॉपलरची एकेक ओळ होती. सरळसोट खोडे, फिकट साल, आणि वारा नसतानाही थरथरणारी पाने. दादांनी ही रोपे लावली तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ कडेवर बसण्याइतका लहान होता. आईवडील लवकर गेले. दादांनी एका हाताने भाऊ वाढवला आणि दुसऱ्या हाताने झाडे. दोन्ही उंच झाली.

आता उजवी ओळ हिरवीगार होती आणि डावी ओळ मरत होती.

दादांनी एका खोडावर बोट ठेवले. तेथे साल आत दबली होती, भाजल्यासारखी काळपट झाली होती, आणि कडेला भेगाळली होती. भेगांतून तपकिरी पाणी ओघळून वाळले होते. त्याला आंबूस वास होता. दबलेल्या सालीवर मोहरीएवढ्या पुटकुळ्या होत्या आणि काही पुटकुळ्यांतून केशरी रंगाचे बारीक धागे बाहेर आले होते. वरच्या फांद्या पार वाळल्या होत्या.

"भिरूड लागला आहे हे मला माहीत आहे," दादा म्हणाले. भिरूड म्हणजे खोड पोखरणारी अळी. "गेल्या वर्षी पाणी कमी पडलं, झाडं अशक्त झाली, तेव्हापासून लागला. पण या ओळीत त्याचा बंदोबस्त मी स्वतः करतो. रोज सकाळी भोकाभोकांत तार घालून अळी ओढून काढतो, वर चिखल बुजवतो. भिरडाने झाड खंगतं, असं काळं पडून मरत नाही. आता हे पाहा."

जवळच्या झाडाच्या बुंध्याशी, गुडघ्याच्या उंचीवर, एक भोक होते. दादांनी त्याची खुंटी उपसून काढली होती. भोक वाटोळे आणि गुळगुळीत होते, नाण्याच्या कडेसारखे.

"भिरूड असं मोजूनमापून भोक पाडतो काय? हे गिरमिटाचं काम आहे. गिरमिटाने भोक पाडायचं, आत विष ओतायचं, वर खुंटी मारायची. आणि गिरमिट या आवारात एकाच माणसाच्या हातात असतं."

डॉक्टरांना तो माणूस ठाऊक होता. सर्वांनाच ठाऊक होता.

"त्याला लाकूड आत्ताच हवं आहे," दादा म्हणाले. "मी म्हणतो, खोड आणखी भरू दे. त्यावर भरल्या ताटावरून उठून मला म्हणाला, 'ही झाडं मेली तरच तू ती तोडशील!' आणि महिन्याभरात पहिलं झाड मेलं. रविवारी त्याने घर सोडायचं, असं मी सांगितलं आहे. तुम्ही साक्षीला या."

"येईन," डॉक्टर म्हणाले, "पण डोळे झाकून नाही. रविवारपर्यंत मला चार माणसांना चार प्रश्न विचारू द्या."

"विचारायची गरज नाही, डॉक्टर," मागून आवाज आला.

कारखान्याच्या दारात धाकटा उभा होता. त्याच्या हातात गिरमिट होते.

"ते भोक मीच पाडलं आहे."

२. खिळे तोंडात धरणारा माणूस

कारखान्यात ताज्या लाकडाचा वास भरला होता. धाकटा फळांची खोकी ठोकत होता. कामाच्या सोयीसाठी तो खिळे ओठांत धरी, त्यामुळे त्याचे अर्धे बोलणे नाकातून येई. डॉक्टरांनी हात पुढे केला. धाकट्याने निमूटपणे सगळे खिळे त्यांच्या तळहातावर काढून ठेवले.

"आता बोल. विष कोणतं?"

"विष? डॉक्टर, मी उंदराला पिंजरा लावतो आणि सकाळी पलीकडच्या शेतात नेऊन सोडतो. वहिनीला विचारा, ती मला रोज त्यावरून बोलते."

"मग भोक कशाला?"

"आतलं लाकूड बघायला. वरून हिरवं आणि आतून पोकळ असलं, तर थांबून फायदा काय? एका झाडाला गिरमिट लावलं. नवंकोरं पातं होतं, पाकिटातून काढलेलं. भुसा पांढरा आला, लाकूड उत्तम. लगेच खुंटी ठोकली, वरून मेण लावलं. झालं."

"दादांना का नाही सांगितलंस?"

"लहानपणी मी एक फांदी मोडली होती, तेव्हा दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. आता भोक पाडलं म्हटलं असतं, तर दोन वर्षं बोलला नसता."

"आणि ते भरल्या ताटावरचं वाक्य?"

धाकट्याने मान खाली घातली. "बोललो खरा. जिभेला खिळा ठोकता येत नाही, डॉक्टर."

भिंतीशी एक पत्र्याची पेटी कुलूप लावून ठेवली होती.

"अपराध केला नाहीस, तर निघालास कशाला?"

"ज्याने मला कडेवर घेऊन ही झाडं लावली, त्यालाच मी मारेकरी वाटत असेन, तर इथे राहून कुणाला काय पटवून देऊ? झाडं मरतायत, आणि रोज सकाळी दादा माझ्याकडे अशा नजरेने बघतो की घास घशाखाली उतरत नाही. रविवारपर्यंत थांबलो तेही वहिनीसाठी."

डॉक्टरांनी खिळे परत केले आणि बाहेर आले. ते पुन्हा त्या भोकाच्या झाडापाशी गेले, खाली बसले, आणि प्रथम भोक न पाहता झाड पाहिले. भोकाच्या कडेने नवी कोवळी साल आत वळून येत होती, कानाच्या पाळीसारखी. जखम भरत होती. वर पाने टवटवीत होती. अलीकडचे झाड मेलेले, पलीकडचे मरणपंथाला लागलेले. आणि ज्याला विष पाजल्याचा आरोप होता, तेच तेवढे मजेत उभे!

दादांना हे सांगताच ते म्हणाले, "अजून चढायचं आहे विष."

रोगी सुधारत असताना "अजून मरायचा आहे" म्हणणारे नातेवाईक डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले होते.

३. उशी फाटली काय?

डावी ओळ जेथे संपते, तेथे कुंपणापलीकडे लाँड्री होती. लाँड्रीवाल्या बाईंच्या दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी रांगेने वाळत होत्या आणि बाई त्यांच्यामधून जहाजासारख्या येत होत्या.

"त्या झाडांबद्दल आलात ना? बसा. मीच मारली असं म्हणतात का?"

"अजून कुणी म्हटलेलं नाही."

"म्हणतील. डॉक्टरसाहेब, बहराच्या दिवसांत या झाडांची म्हातारी उडते. कापूस नुसता! ओल्या चादरीवर बसला की चादर मेंढीसारखी दिसते. मी दादांना म्हटलं, हे झाड आहे की उशी फाटली? झाडं लावायची तर टकली लावा! त्यावर ते म्हणाले, तुमचं तोंड पुन्हा बघणार नाही."

"मग?"

"मग काय, शब्दाचे पक्के. वर्ष झालं, या टोकाला पाऊल टाकलेलं नाही. ती शेवटची चारपाच झाडं त्यांनी जणू मलाच आंदण देऊन टाकली."

"तुम्ही या झाडांचं वाईट चिंतलंत?"

"चिंतलं, बोलले, ओरडलेसुद्धा. पण नुसत्या बोलण्याने कुणी मरत असतं, तर आमच्या घरातली माणसं... जाऊ द्या. भिंतीला कान असतात."

डॉक्टरांनी मान फिरवून हसू लपवले आणि पायाखालचा चर पाहिला. लाँड्रीचे वापरलेले पाणी त्याच्यातून कुंपणाखालून जात होते आणि थेट त्या शेवटच्या झाडांच्या मुळांशी मुरत होते.

"हे साबणाचं पाणी झाडांना जातं?"

"शेवटच्या खळबळण्याचं जातं. मी कुणाला ढकलत नाही, ते आपलं आपण जातं."

ती शेवटची झाडे डाव्या ओळीतीलच होती. त्यांच्यावरही भिरडाची भोके होती, भोकांखाली पिवळट भुसा सांडलेला होता. तरीही एकाही खोडावर काळा डाग नव्हता. मरणारी झाडे तेथून हाकेच्या अंतरावर होती. मृत्यू रांगेने येत येत येथवर पोचला होता आणि जणू काही या टोकाला पाऊल टाकायचे नाही, अशी शपथ घेऊन थांबला होता.

"मला कशाला तपासता?" बाई चादर झटकत म्हणाल्या. "ती समोरची उजवी ओळ बघा. एक पान पिवळं नाही. तिचा राखणदार कोण आहे ठाऊक आहे? त्या माणसाने आजवर कधी काही राखलं असेल, तर ती झोप. त्याची झाडं जगतात कशी, ते विचारा त्याला!"

४. सुस्त्या

उजव्या ओळीचा राखणदार फळ्यांच्या थप्पीवर उताणा पडला होता. त्याला सर्वजण सुस्त्या म्हणत. या नावाचा त्याला राग येत नसे, कारण रागावण्यास उठून बसावे लागते.

"झाडांची निगा कोण राखतं?" डॉक्टरांनी विचारले.

"मीच, साहेब. मालकांनी शिकवलं तसं. तार घालायची, अळी ओढायची, चिखल बुजवायचा. रोज."

"रोज?"

"म्हणजे... रोजच्यासारखं."

उजव्या ओळीतील भोके खरोखरच चिखलाने बुजवलेली होती, अगदी नेटकी. डॉक्टरांनी खिशातला चाकू काढला आणि एका बुजवणीच्या कडेला टोक लावले. चिखल एखाद्या टिकलीसारखा अलगद सुटून आला. आत नखभरही चिखल नव्हता. भोक खोल होते, आणि त्या खोलीत एक पांढरी, गुबगुबीत अळी सुखाने लाकूड खात होती.

डॉक्टरांनी दुसरी टिकली काढली. तेथेही तीच वस्ती.

सुस्त्या एव्हाना उठून बसला होता, आणि यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या ध्यानी यावे.

"साहेब, मालकांना सांगू नका. लांबून सगळी सारखीच दिसतात."

"तार कुठे आहे तुझी?"

सुस्त्याने ओशाळून बोट दाखवले. शेवटच्या दोन झाडांच्या मध्ये ती तार ताणून बांधली होती आणि तिच्यावर त्याचा बनियन वाळत होता.

"पहिल्या दिवशीच बांधली," तो म्हणाला. "दोरी मिळाली नाही."

डॉक्टरांना हसावे की रडावे कळेना. परंतु त्यांच्या मनात एक विचार येऊन उभा राहिला आणि जागचा हलेना. या ओळीत भिरूड पोटभर जेवत होता, आणि झाडे जिवंत होती. त्या ओळीत भिरूड एकेक करून मारला जात होता, आणि झाडे मरत होती.

भिरडाने झाड मरत नाही. गिरमिटाने झाड मरत नाही. लाँड्रीच्या पाण्याने मरत नाही. मग मारतो कोण?

५. बुरशीला पाय नसतात

डॉक्टरांची मेहुणी शेतकी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवीत असे. तिच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत काचेच्या चपट्या बशा मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीत काही ना काही कुजत होते.

"भावजी, गुरं सोडून झाडं? ही बढती म्हणायची की बदली?"

"आधी हे बघ." डॉक्टरांनी काळ्या सालीचे तुकडे पुढे ठेवले. पहिल्या भेटीच्या दिवशीच त्यांनी यांचेच भाऊबंद तिच्याकडे पाठवले होते.

"बघायचं राहिलंय काय? पहिल्या तुकड्यांतून उगवलेलं सगळं या बशीत आहे." तिने एक बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "विष नाही. बुरशी आहे. आम्ही याला कँकर म्हणतो, तुम्ही खोडाचा व्रण म्हणा. ते केशरी धागे पाहिलेत ना? ते या बुरशीचं बी. एकेका धाग्यात लाखो."

"म्हणजे कुणी मारली नाहीत?"

"घाई करू नका. ही बुरशी मोठी लाजरी आहे. धडधाकट सालीतून आत शिरायची तिची हिंमत होत नाही. तिला जखम लागते. छाटलेली फांदी, तडकलेली साल, आणि सगळ्यांत आवडतं म्हणजे भिरडाचं भोक. किडा दार उघडतो, बुरशी आत येते. झाड तहानलेलं, अशक्त असलं तर मग विचारायलाच नको."

"पण उजव्या ओळीत दारंच दारं आहेत. तिथे का गेली नाही?"

मेहुणीने डोळा सूक्ष्मदर्शकावरून उचलला. आता तिचा थट्टेचा सूर गेला होता.

"पावसाच्या शिंतोड्यांनी पसरते, वाऱ्याने थोडी पसरते. पण वारापाऊस आपपरभाव करत नाहीत, भावजी. रस्ता ओलांडायला त्यांना बंदी नसते. एक ओळ पुरती झोपते आणि समोरची हसत उभी राहते, असं तुम्ही म्हणता. पहिलं झाड आपोआप आजारी पडलं असेल, ते मी मान्य करते. पुढच्यांचं मात्र तसं वाटत नाही."

"मग कसं वाटतं?"

"बुरशीला पाय नसतात. तिला कुणीतरी एका झाडाकडून दुसऱ्याकडे नेलं. दाराशी सोडली नाही, अगदी आत, माजघरात नेऊन बसवली."

६. सकाळची फेरी

शनिवारी सकाळी डॉक्टर कारखान्यात आले. "दादा, आज तुमच्या फेरीत मला बरोबर घ्या," ते म्हणाले. "भिरूड कसा काढतात ते मला पाहायचं आहे."

दादांना आनंद झाला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्यांच्या कामाची कुणी विचारपूस केली नव्हती. त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, खांद्यावर फडके टाकले, चिखलाची बादली घेतली, आणि खुंटीवरची तार उतरवली. ती टोकाशी आकड्यासारखी वळवलेली होती आणि वापरून वापरून रुप्यासारखी चकाकत होती.

फाटकापासून सुरुवात न करता दादा तडक ओळीच्या मध्यावर गेले. तेथे सर्वांत काळे पडलेले, पण अजून पुरते न मेलेले एक झाड होते.

"इथून का?" डॉक्टरांनी विचारले.

"जो जास्त आजारी, त्याच्याकडे आधी. घरात चार पोरं असली आणि एकाला ताप असला, तर आई आधी कुणापाशी जाते?"

त्यांनी सालीला कान लावला. आत अळी कुरतडत असली तर त्यांना ऐकू येई. मग आकडा भोकात घातला, मनगट हळुवार फिरवले, आणि काळपट चोथ्यासह एक अळी बाहेर ओढली. अळी बुटाखाली गेली. आकड्याला तपकिरी ओल लागली होती. दादांनी तो फडक्याने प्रेमाने पुसला. फडकेही तपकिरी होते. भोक चिखलाने बुजवून ते पुढच्या झाडाकडे वळले. हे जरा कमी आजारी होते. मग त्याहून कमी. मग एक असे, ज्याच्यावर डाग नव्हता, फक्त कालपरवाचे ताजे भोक होते.

"हे अजून निरोगी आहे," दादा म्हणाले. "याला मी मरू देणार नाही."

आणि त्यांनी आकडा आत घातला, खोल, अगदी तळापर्यंत.

डॉक्टर उभ्या जागी थिजले. ते तीस वर्षे गोठ्यांतून फिरले होते. साथीच्या दिवसांत गोठ्यात शिरताना प्रथम निरोगी जनावरे पाहायची, आजारी सर्वांत शेवटी. आणि दर जनावरागणिक सुई उकळायची, हा नियम त्यांच्या हाडीमासी भिनला होता. आपल्या डोळ्यांसमोर उलटा गोठा चालला आहे, हे त्यांना दिसले. गिरमिटाच्या भोकाच्या झाडाजवळून दादा न थांबता पुढे गेले, कारण त्याच्यावर भिरूड नव्हता. लाँड्रीची चादर दिसू लागताच त्यांनी बादली उचलली आणि ते माघारी फिरले, कारण त्या टोकाला जायचे नाही, हा शब्द होता.

डॉक्टर पाणी पिण्याचे निमित्त करून कारखान्यात गेले. धाकटा दारातच उभा होता. बराच वेळ उभा असावा.

"तुमचा चेहरा पाहिला," तो म्हणाला. "तुम्हाला कळलंय. दादाच आहे ना?"

डॉक्टर पाण्याच्या माठाकडे वळले. तेवढे उत्तर पुरे झाले.

धाकटा खाली फळीवर बसला. "त्याला सांगू नका, डॉक्टर. मी उद्या जातोच आहे. मला खोकी कुठेही ठोकता येतील. त्याला या वयात दुसरी झाडं कुठून मिळणार? आपल्याच हाताने मारली हे कळलं, तर तो हात घेऊन कुठे जाईल?"

"आणि तू गेल्यावर परवा सकाळी काय होईल?"

"काय होईल?"

"दादा तार घेऊन निघतील," डॉक्टर म्हणाले. "सर्वांत आजारी झाडापासून."

७. व्हरांड्यातील निवाडा

रविवारी चहानंतर सर्वजण व्हरांड्यात जमले. दादा खुर्चीवर, वहिनी दारात, धाकटा पायरीवर पेटीला टेकून. सुस्त्या भिंतीला पाठ लावून बसला. लाँड्रीवाल्या बाई निमंत्रणावाचूनच आल्या होत्या. त्या दादांकडे पाठ करून बसल्या, जेणेकरून दादांचा शब्द मोडू नये.

"दादा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या झाडांना विष कुणी घातलेलं नाही. ही बुरशी आहे, आणि ती भिरडाच्या भोकांतून शिरते. आता माझ्याबरोबर चार पावलं चला. धाकट्याने झाडाला भोक पाडलं. ते झाड जगलं. का? पातं कोरं होतं, भोक लगेच बुजवलं. म्हणजे नुसत्या जखमेने झाड मरत नाही."



"बाईंच्या टोकाची झाडं साबणाचं पाणी पितात, त्यांना भिरूडही आहे. तीही जगली. सुस्त्याच्या ओळीत..."

सुस्त्याने डोळे मिटून घेतले.

"सुस्त्याच्या ओळीत भोकांना बुजवणी आहेत, पण त्या वरवरच्या. आत अळ्या मजेत आहेत. त्याने तार एकदाही आत घातली नाही."

"काय?" दादा अर्धे उठले. "अरे हरामखोरा!"

"मालक, रागावा," सुस्त्या डोळे न उघडता म्हणाला, "पण बसून रागावा. साहेबांचं अजून संपलं नाही."

"ती ओळही जगली," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे भिरडानेही झाड एवढ्यात मरत नाही. मग मेली ती कोणती? जिथे भोक होतं, आणि त्या भोकात काहीतरी गेलं. तुमच्या आकड्याला जी तपकिरी ओल लागते, दादा, तीच बुरशी आहे. तुम्ही सर्वांत आजारी झाडापासून निघता. तिथून तार पुढच्या झाडात जाते, तिथून त्याच्या पुढच्या. ज्या झाडांपाशी तुम्ही गेला नाहीत, ती सगळी उभी आहेत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. बाहेर पाने थरथरत होती, त्यांचा पावसासारखा आवाज येत होता.

दादांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे मी सुस्त्यासारखा आळशी असतो," अखेर ते म्हणाले, "तर झाडं वाचली असती."

"नाही. आळसाने आज वाचली, पुढे भिरडाने गेली असती. तुम्ही निरोग्यापासून निघाला असतात, दर झाडाला तार विस्तवात धरली असतीत, तर भिरूडही मेला असता आणि झाडंही वाचली असती. तुमचं प्रेम चुकलं नाही, दादा. फेरी उलटी होती, एवढंच."

"मी भावाला मारेकरी म्हटलं."



दादा उठले. त्यांची पावले जड पडत होती. ते पायरी उतरून धाकट्यासमोर उभे राहिले. धाकटाही उठला, तो आता दादांपेक्षा वीतभर उंच होता.

"दादा, तू काही बोलू नकोस," धाकटा म्हणाला. "भोक मीही पाडलंच होतं."

"तू पाडलंस ते भरून आलं." दादा म्हणाले. "ऐक. डॉक्टर म्हणतात तसं करायचं. जी गेली ती उद्या तोडायची, बुरशी पसरू नये म्हणून जाळायची. मला करवत धरवणार नाही, तू धर. पण परवापासून सकाळी तू फेरीला माझ्याबरोबर यायचं. रोज. मला आजाऱ्याकडे आधी जायची सवय आहे, ती या वयात सुटणार नाही. माझे पाय तिकडे वळायला लागले, की माझा हात धर आणि मला ओढून निरोगी झाडाकडे ने."

"आणि तू ऐकलं नाहीस तर?"

"तर कडेवर घे."

धाकट्याला हसू फुटले आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याने ते बाहीने पुसले. मग पेटी उचलली, आणि वहिनींनी दारातून बाजूला होऊन दिलेल्या वाटेने ती पुन्हा आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

येथे ही हकिकत समाप्त होते. वाचकहो, शिक्षण बेताचे असूनही लाकडाच्या सहवासात जे दिसले आणि जे सुचले, ते शुद्ध शब्दांत मांडण्याचा यथाशक्ती प्रयत्न केला आहे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केलीत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने क्षमा करावी.

आपला नम्र,
काष्ठसेवक